भोवऱ्यांची पंगत आणि बंद माग

पदार्थात अव्यवस्था असली तर त्यातली चुंबकीय भोवऱ्यांची जाळी लवकर वितळते, उशिरा वितळते, की वितळण्याची तिची रीतच बदलते? हा प्रश्न घेऊन मी बऱ्हाणपुरात काही वर्षे काढली. गावाला या प्रश्नाची गरज नव्हती. गाव त्या वर्षांत दुसऱ्याच एका शिकवणीला बसले होते. देश जगाच्या बाजाराशी जोडला जात होता, बुधवारा पेठेतल्या दुकानांवर परदेशी थंड पेयांचे फलक लागले होते, आणि आता कोणतीही वस्तू कोठूनही कोठेही जाऊ शकते, असे आम्हांला रोज सांगितले जाई. माझे स्फटिक मात्र मोजणीसाठी बऱ्हाणपूरहून इंदूरला एस.टी. बसने, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जात.

विषय थोडा समजावून सांगते. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांतून वीज कोणत्याही अडथळ्याशिवाय वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. त्यांपैकी काहींना फार थंड करावे लागत नाही, द्रवरूप नायट्रोजन पुरतो. म्हणून त्यांना 'उच्च तापमानाचे' अतिवाहक हे नाव पडले. या उच्च तापमानात माणूस क्षणात गोठेल. पण नावे ठेवणारे लोक प्रयोगशाळेत असतात, नायट्रोजनच्या पात्रात नसतात. अशा पदार्थाजवळ चुंबक आणला की चुंबकीय क्षेत्र आत शिरते, पण सरसकट नाही, बारीक बारीक धाग्यांच्या रूपाने. प्रत्येक धाग्याभोवती वीज गोल फिरत राहते, म्हणून त्याला भोवरा म्हणायचे. हे भोवरे एकमेकांना दूर लोटतात, आणि दूर लोटता लोटता सारख्या अंतरावर स्थिरावून त्रिकोणांची नेटकी जाळी करतात. पदार्थ हळूहळू तापवला की भोवरे थरथरू लागतात. एका तापमानाला जाळी मोडते आणि भोवरे मोकाट हलू लागतात. हेच जाळीचे वितळणे. भोवरे हलले की विजेला अडथळा होतो, म्हणून अडथळा मोजून जाळी केव्हा वितळली ते आपल्याला कळते.

स्वच्छ स्फटिकात हा अडथळा एका ठरावीक तापमानाला एकदम उडी मारतो. परदेशातल्या सगळ्या निबंधांत ही उडी होती. माझ्या आलेखात नव्हती. माझी रेषा सभ्य माणसासारखी सावकाश वर चढत होती.

आणि या उडीवर माझी नोकरी होती. मी तेव्हा कॉलेजात तदर्थ व्याख्याती होते. तदर्थ म्हणजे दर उन्हाळ्यात नोकरी जाते आणि दर पावसाळ्यात परत द्यायची की नाही यावर विचार होतो. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितले होते की कायमची जागा निघते आहे, ती पीएच.डी. झालेल्यालाच मिळेल, आणि पुढच्या सत्राच्या आत प्रबंधावर मार्गदर्शकाची सही झाली नाही तर माझा वर्ग दुसऱ्याला जाईल.

माझे मार्गदर्शक इंदूरच्या विद्यापीठात होते. ते एकदा परदेशात जाऊन आले होते आणि तेव्हापासून 'आपल्याकडे' हा शब्द त्यांच्या तोंडून नाकाला रुमाल धरल्यासारखा येई. मी त्यांना बुधवाऱ्यातल्या एस.टी.डी. बूथवरून फोन करीत असे.

"आलेख पाहिला," ते म्हणाले. "उडी कुठे आहे?"

"उडी नाही, सर. हळूहळू चढतो."

"साऱ्या जगाच्या आलेखात उडी आहे."

"त्यांचे स्फटिक जास्त स्वच्छ असतील, सर. आपल्यात अव्यवस्था आहे. तिच्यामुळे उडी पुसली जाते, असं मला वाटतं."

"वाटतं? उद्या थर्मामीटर बिघडला तरी तुम्हाला अव्यवस्था वाटेल. उमेदवाराचा स्फटिक घाण होता म्हणून काही दिसलं नाही, असं लिहायचं का प्रबंधात? त्याला पदवी देत नाहीत, बाई. त्याला फडकं देतात."

बूथचा मालक काचेबाहेरून माझ्याकडे पाहत होता. पैसे घेताना त्याने हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, घरी कोणी बीमार है का?" मी म्हटले, स्फटिक.

स्फटिक घाण का होता, हे मला नीट माहीत होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेची मागची भिंत एका यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटलेली होती. कारखाना माझ्या घरमालकांचा. राजपुऱ्यात त्यांच्याच घराच्या माडीवर मी राहत असे आणि सगळ्या गल्लीसारखी मीही त्यांना भाऊ म्हणत असे. प्रयोगशाळा आणि कारखाना, दोघांना वीज एकाच तारेवरून येई. पलीकडे माग एकदम सुरू झाले की अलीकडे दिव्याचा उजेड बसे आणि माझ्या भट्टीचा काटा खाली झुके. माग थांबले की काटा उसळे. स्फटिक वाढवायचा तर वितळलेला द्राव फार संथपणे, न डगमगता थंड करावा लागतो. भट्टीने हेलकावे खाल्ले की वाढत्या स्फटिकात द्रावाचे थेंब अडकतात, द्राव ज्या मुशीत असतो तिच्यातले परके अणू शिरतात. भिंतीच्या फटींतून येणारा कापसाचा भुसा वेगळाच. कॉलेजने विद्युतदाब स्थिर ठेवणारे एक यंत्र दिले होते. ते अखंड गुणगुणत असे, आणि गुणगुणण्यापलीकडे त्याने काही केल्याचे कोणाला आठवत नाही.

मार्गदर्शकांना अव्यवस्थेचा अर्थ मी जेवढा सांगू शकले नाही, तेवढा त्यांना भाऊंच्या मुलीच्या लग्नात पाहायला मिळाला.

ते आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला आले होते. लग्न त्याच दिवशी. पाहुणा गावात आहे हे कळल्यावर भाऊंनी त्यांना आणण्यासाठी दोन माणसे पाठवली, आणि बऱ्हाणपुरात दोन माणसे बोलवायला आली की त्याला आमंत्रण म्हणत नाहीत, नेणे म्हणतात. त्यांना पहिल्या पंगतीत, वराच्या आजोबांच्या शेजारी बसवले. मी वाढायला होते.

त्या घरची रीत अशी, की पंगतीत कोणाचे आधी जेवून झाले तरी त्याने बसून राहायचे. वराकडचे सर्वांत वडील माणूस पानावरून हात काढते, तेव्हा सगळी पंगत एकदम उठते. आणि मध्येच कोणी उठले, तर शेजारच्याने पुढे जेवायचे नाही. पंगत मोडली म्हणायचे. आमच्या मार्गदर्शकांना गेल्या काही वर्षांत हॉटेलातल्या उभ्याने जेवण्याची सवय झाली होती. त्यांनी भात संपवला आणि हात धुवायची जागा शोधत ते सरळ उठून उभे राहिले. आजोबांना कमी दिसे. इंदूरचे मोठे साहेब उठले, म्हणजे आपलीच वेळ चुकली, असे समजून त्यांनी घाईने पानावरून हात काढला. आणि मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी पंगत एकाच क्षणी उठली. माव्याच्या जिलेबीचे ताट हातात घेऊन मी ओळीच्या तोंडाशी उभी होते. एकाही पानावर जिलेबी पडली नव्हती.

भाऊ माझ्याजवळ आले. "मॅडम, ह्या साहेबाला कोणी उठवलं?"

"स्वतःच उठले, भाऊ."

"शिकलेला मानूस है ना? मंग बसायचं कोन शिकवेल?"

व्याह्यांकडे कुजबुज सुरू झाली की गोड न वाढताच पंगत उठवली. भाऊंनी दोन्ही हात जोडून सगळ्यांना पुन्हा बसवले, पण या खेपेला सावधपणे. वराच्या थोरल्या मेहुण्याचे गुडघे धरलेले होते, त्याला खांबाला टेकवून बसवले. एका ऐकू न येणाऱ्या काकांना मध्यावर बसवले. त्यांना कोणी उठले तरी कळले नसते. वराकडचे जावई मानपानावरून सकाळपासून रुसले होते आणि कोणी मनवायला येईपर्यंत हलणार नव्हते. त्यांना टोकाला बसवले. आणि वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "आता ज्याचं झालं त्यानं उठावं, बाकीच्यांनी जेवावं. कोनी कोनाकडं पाहू नये."

ही पंगत उठली असे म्हणताच येणार नाही. ती झिजली. एक उठला, दोन बसले. मध्ये फट पडली, काका जेवत राहिले. जावयांना दोनदा मनवले गेले आणि ते दोन्ही वेळा बसून राहिले. पंगत संपली केव्हा, हे कोणी बोट ठेवून दाखवू शकले नसते.

मार्गदर्शक हात पुसत माझ्याजवळ उभे होते. मी ताट खाली ठेवून म्हटले, "सर, पहिली पंगत म्हणजे स्वच्छ स्फटिक. सगळे सारखे बसलेले, सगळे एकमेकांना बांधलेले, म्हणून एकदम उठले. ती उडी. दुसरीत जागोजागी अडकलेली माणसं आहेत. ती पंगतीसारखी उठतच नाहीत, एकेकटी सुटतात. तो माझा आलेख."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "वर्गात सांगा, मुलं हसतील. पण पंगतीतली माणसं मांडीला मांडी लावून बसतात. भोवरे एकमेकांना दूर लोटतात."

"हो, सर. तेवढं साम्य सोडून द्यायचं."

"आणि माझी अट ऐका. दुसरी पंगत हळू उठली ती अडकलेल्या माणसांमुळे, हे मला पटलं, कारण पहिली मी पाहिली. तुम्ही मला फक्त दुसरी दाखवता आहात. त्याच भट्टीतून, त्याच मुशीतून, त्याच भुकटीतून एक स्वच्छ स्फटिक काढा. त्यात उडी दिसली, तर सही करीन."

पहिली पंगत मोडली कोणी, हे त्यांनी सांगितले नाही. पण अट रास्त होती, हे मान्य करायला हवे. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तेच ठेवायचे, हे मी मुलांना रोज फळ्यावर लिहून देत होते. बदलायची गोष्ट एकच होती. ती भिंतीपलीकडे खडखडत होती.

लग्नाची धांदल संपल्यावर मी भाऊंच्या ओसरीवर गेले.

"भाऊ, माग काही दिवस बंद ठेवता येतील का?"

"किती दिवस?"

"भट्टी थंड होईपर्यंत. आठवडाभर तरी."

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "तुमच्या सरांनी माझी पंगत मोडली. आता तुम्ही माग मोडता. मतलब कॉलेजनं आमच्या घरावर काही डाव धरला है काय?"

"विज्ञानासाठी आहे, भाऊ."

"मंग विज्ञानाला सांगा, येऊन चार थान विनून दे म्हना. मी बंद ठेवतो."

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, त्यांची नोकरी है त्याच्यावर."

"आन आपली काय हौस है?" भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "मॅडम, तुम्ही रात्री भट्टी लावा. रात्री आमचे माग जरा कमी चालतात."

जरा कमी, या प्रमाणाला भौतिकशास्त्रात उपयोग नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत माझी अडचण दूर झाली, आणि ती ज्या रीतीने दूर झाली तिची मी कधीही मागणी केली नसती. सूत परदेशी जाऊ लागले होते. कोणतीही वस्तू कोठेही जाऊ शकते, हे आम्हांला सांगितले होतेच. ती गेल्यावर इथे काय उरते, हा पाठ पुस्तकाच्या शेवटी होता. सुताचा भाव इतका चढला की कापड विणणे हाच तोटा झाला. मागवाल्यांनी बैठक घेतली आणि सगळ्या गावाचे माग बंद ठेवायचे ठरवले.

बऱ्हाणपुरात राहिलेल्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की कान बधिर झाल्यासारखे वाटते. पहिल्या सकाळी गल्लीतली माणसे दारात उभी राहून एकमेकांकडे नुसती पाहत होती. भाऊंचे कारागीर बंद दाराच्या पायरीवर पत्ते खेळत बसले. काही दिवसांनी त्यांतले बरेचसे शाहपूरकडे केळीच्या बागांत घड वाहायला गेले, आणि खेळायला पुरेशी माणसे उरली नाहीत म्हणून पत्तेही थांबले.

प्रयोगशाळेत माझ्या भट्टीचा काटा निश्चल उभा होता. इतका आज्ञाधारक काटा मी तोवर पाहिला नव्हता. मी तीच भुकटी, तेच प्रमाण, तशीच मूस घेतली, फटीला जुना कागद लावला होता तो तसाच ठेवला, आणि भट्टी संथपणे उतरू दिली. भाऊ एकदा येऊन दारात उभे राहिले. आत येत नव्हते.

"जमतं है का?"

"जमतंय, भाऊ. काटा हलत नाही."

"आमचा बी हलत नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

मुशीतून निघालेले स्फटिक काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे होते, कडा सरळ, अंगावर डाग नाही. त्यांतले चांगले निवडून, प्राणवायूत भाजून, मी डबी घेऊन इंदूरला गेले. तिथल्या मोठ्या चुंबकात मोजणी झाली. रेषा तळाशी सरपटत आली, आणि एका तापमानाला उभी राहून वर गेली. उडी होती. मार्गदर्शकांनी खोलीतल्या सगळ्यांना बोलावून आलेख दाखवला आणि म्हणाले, "पाहा, आपल्याकडेसुद्धा होतं." या खेपेला त्या शब्दाला रुमाल नव्हता.

मी लगेच आनंद मानला नाही. उडी दिसली म्हणजे अर्धे उत्तर मिळाले. काही आठवड्यांनी भावात थोडी तडजोड झाली, माग पुन्हा खडखडू लागले, काटा पुन्हा झुकू-उसळू लागला. मी त्याच कृतीने पुन्हा स्फटिक केले आणि त्याच चुंबकात मोजले. उडी गेली. रेषा पूर्वीसारखी सावकाश चढली. अतिवाहक होण्याचे तापमान दोन्हींत जवळजवळ सारखेच होते, थर्मामीटर तोच होता; बदलली होती ती स्फटिकाच्या आतली भोवरे अडकण्याची ठिकाणे आणि भिंतीपलीकडचे माग.

तेव्हा उत्तर असे. विखुरलेली, बारीक अव्यवस्था जाळीला वितळण्याआधीच वाकडी करून ठेवते. ती थोडी असेल तर उडी टिकते, पण जरा आधी येते. जास्त असेल, किंवा चुंबकीय क्षेत्र फार वाढवले, तर एकदम मोडावे असे जाळीत काही शिल्लकच राहत नाही. भोवरे काचेतल्या कणांसारखे जागच्या जागी अडकतात आणि तापेल तसे एकेक सुटतात. दोष आरपार रेषेसारखे असले तर मात्र वेगळे. मग भोवरा सगळ्या लांबीने धरला जातो, खांबाला टेकलेल्या मेहुण्यासारखा, आणि जास्त तापवूनही लवकर सुटत नाही. तेवढे मी स्वतः मोजलेले नाही. इतरांचे वाचून सांगते आहे. म्हणजे अव्यवस्था किती, एवढे विचारून भागत नाही. ती कोणत्या आकाराची, हेही विचारावे लागते.

प्रबंध सहीसाठी नेला तेव्हा मार्गदर्शकांनी एका वाक्यावर लाल शाई ओढली. वाक्य होते, 'या काळात परिसरातील यंत्रमाग बंद असल्याने विद्युतदाब स्थिर होता.' त्यांनी वर लिहिले, 'उत्तम यंत्रणा वापरून विद्युतदाब स्थिर ठेवला.'

"सर, ती यंत्रणा आपल्याकडे नव्हती."

"परीक्षक परदेशी निबंध वाचणारे आहेत. यंत्रमाग, बंद, हे काय? प्रबंध आहे की वर्तमानपत्र?"

"दुसऱ्या कोणाला हाच प्रयोग पुन्हा करायचा असेल, तर त्याला हे कळायला हवं."

"त्यानं चांगला स्टॅबिलायझर विकत घ्यावा."

"मग त्याचा प्रयोग होईल, सर. माझा नाही. तुम्हीच म्हणाला होता, काय बदललं ते दाखवा. बदलले ते माग. ते काढले तर माझ्याकडे फक्त दुसरी पंगत राहते."

त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर वाजवले. सहीचे पान उघडेच होते, आणि त्यांच्या बोटांखाली माझा पुढच्या सत्राचा वर्ग होता. शेवटी ते म्हणाले, "परिशिष्टात टाका. तळटीप. लहान टाइपात." मी मान हलवली. त्यांनी सही केली.

पदवी मिळाली, जागा मिळाली. प्रबंधाची बांधलेली प्रत भाऊंना दाखवायला नेली. त्यांनी सोन्याच्या अक्षरांवरून हात फिरवला आणि विचारले, "आमचं है काही ह्यात?"

"नाव नाही, भाऊ. बंद आहे."

मी परिशिष्ट उघडून तळटीप दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पान खिडकीकडे नेले, डोळ्यांजवळ धरले.

"कारखाना बंद होता ते दिवस लई मोठे होते, मॅडम," ते म्हणाले. "हितं भलते बारीक झाले."

वहिनींनी चहा आणला. भिंतीपलीकडे माग चालू होते आणि बशीतला चहा हलत होता.

माझे उत्तर एका गावातल्या एका भट्टीचे आणि मोजक्या स्फटिकांचे आहे. म्हणून ते माझ्या सांगण्यावरून मान्य करू नका. ज्यांच्याकडे भट्टी आणि चुंबक आहे त्यांनी दोन्ही प्रकारचे स्फटिक करून मोजावेत, आणि करताना शेजारी काय चालू होते व काय बंद होते ते लिहून ठेवावे. ज्यांच्याकडे ही साधने नाहीत त्यांनी पुढच्या लग्नात पंगत कशी उठते ते शेवटपर्यंत पाहावे. माझे चुकले असेल तर कृपया कळवावे.